पिवळ्या धाग्याची बाटली

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय रकिया,

सलाम. तुझी तब्येत कशी आहे, थोरल्या ताईची पाठ कशी आहे, तिची पोरं तुला छळतात की तू त्यांना? इकडे सगळे बरे आहेत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद हद्दूच्या टॅक्सीतून पाठवतेय. सहा माणसं कोंबून रोज मेकनेस गाठतो तो, त्यात एक पत्र काही जड होणार नाही. शाळा सुटल्यापासून एवढं कधी लिहिलं नव्हतं. अक्षराला हसू नकोस.

रबातची शर्यत होऊन आज सात दिवस झाले. पहिले तीन दिवस मी जिना उलटी उतरत होते, भिंतीकडे तोंड करून. शेजारची इझ्झा खालून बघत म्हणाली, "शहरातून मेडल आणलंस की म्हातारपण?" डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, ते काल गळालं. गेल्या वर्षी तुझं उजव्याचं गेलं होतं, म्हणजे जोडी जमली. यम्मा दोन्ही वेळा मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवायला लावते आणि मग जैतुनाच्या तेलाने पोटऱ्या रगडते. मागावर बसणारी बाई ती, बोटांत जोर अजून तोच आहे. मी कळवळले की म्हणते, "बेचाळीस किलोमीटर गप्प पळालीस, आता काय झालं ओरडायला?"

मैदानावरून पोरींचा सराव संपवून सी बास्सू येऊन गेले. दहा दिवस पळायचं नाही म्हणाले, नुसतं चालायचं. मी देवदारांच्या रानापर्यंत जाते आणि परत येते. माकडं मला ओळखतात, पण तुला शोधतात. खिशात शेंगदाणे तूच न्यायचीस ना.

शिबिराचं पत्र आलं. दोन तास चाळीस मिनिटांच्या आत आलेल्या चौघींना घेतलंय, एक डिसेंबरपासून, इफ्रानला. माझी वेळ चाळीसला एकोणचाळीस सेकंद कमी. सी बास्सूंनी आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने मार्चपर्यंतचं सगळं लिहून ठेवलंय, कुठल्या आठवड्यात किती पळायचं, कधी डोंगर चढायचा. मार्चची शर्यत दोन पस्तीसच्या आत करायची म्हणतात. मी मान डोलावली. कॅलेंडरवर एकीचंच नाव बघायची सवय नाही, एवढंच.

तू परत यावंस असं सगळ्यांनाच वाटतं. बूट इझ्झाच्या मुलीला देऊन टाकलेस म्हणे. ते तिला दोन बोटं मोठे होतात. तिने ते घातलेले नाहीत, खिडकीत ठेवलेत.

आता यम्माचं. तू त्या दिवशी परतीच्या गाडीत तिला जे बोललीस, ते तिने मनाला लावून घेतलं असेल असं नाही. पण हल्ली ती मीठ मला घालायला सांगते. "घातलं की नाही ते माझ्या ध्यानात राहत नाही," म्हणते. गॅस तीनदा बघते. निम्मा झालेला गालिचा चादरीखाली झाकून ठेवलाय, कारण नक्षीला मोजणी लागते आणि मोजणीवर तिचा भरवसा उरलेला नाही. परवा मला विचारत होती, "बाटल्यांना बांधायचे धागे मी सोळा कापले होते की पंधरा? आठ लाल तुझे, आठ पिवळे तिचे. मग पस्तिसाव्या किलोमीटरचा पिवळा राहिला कसा?" मी म्हटलं, होतं असं.

रकिया, वय झालंय तिचं. एखादी बाटली भरायची राहिली असेल. तू मोठ्या मनाची आहेस, तिला माफ करून टाक आणि एक फोन कर.

ताईला सलाम, पोरांचे गालगुच्चे.

तुझीच,
इत्तो

ता. क. तुमच्या-आमच्या बाटल्यांत भरायची ते खजुराचं सरबत यम्माने त्या दिवसापासून केलेलं नाही.


गुरुवार, २७ नोव्हेंबर

रकिया,

सलाम. तुझं उत्तर आलं नाही. हद्दू म्हणाला की पत्र त्याने तुझ्याच हातात दिलं आणि तू ते न फोडता पिशवीत टाकलंस. फोडलं नसशील तर फार बरं झालं. फोडलं असशील तर त्यातलं शेवटचं आधी खोडून टाक, तिला माफ कर म्हणून मी लिहिलंय ते. ते वाक्य लिहिताना माझा हात का झडला नाही, कोण जाणे.

ख्यालीखुशाली आज राहू दे. सोमवारी काय झालं ते सांगते.

यम्मा सकाळीच ठेवणीतला झगा घालून बसली होती. म्हणाली, "मला अझरूला डॉक्टरकडे ने. माझ्या आईला शेवटी झालं होतं तेच मला झालंय." मी नाही नाही म्हटलं, तर म्हणाली, "तू कशाला नाही म्हणतेस? तू आहेस का माझ्या डोक्यात?" गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होती, मायाळू होती. तिने यम्माला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात सात उणे करायला लावले, घड्याळ काढायला लावलं. यम्मा कधी शाळेत गेली नाही, पण गालिच्याचे टाके मोजून मोजून तिची वजाबाकी माझ्यापेक्षा पक्की. तिन्ही शब्द तिने शेवटी उलटे सुद्धा म्हणून दाखवले. डॉक्टरीणबाई हसली, "आजी, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय."

यम्मा हसली नाही. म्हणाली, "बाई, शब्दांचं काय घेऊन बसलात. मी माझ्या पोरीची बाटली विसरले. वर्षभर ती त्या एका दिवसासाठी पळत होती. कुठली आई विसरते?"

मी बाजूच्याच खुर्चीवर होते. शर्यतीनंतर गाडीतही मी अशीच तुम्हा दोघींच्या मध्ये बसले होते. तू तिला म्हणालीस, "तुला एवढंच काम होतं, आठ बाटल्या, तेवढंही जमलं नाही." ती म्हणाली, "असेल गं, चुकलं असेल." आणि मी मेडल मुठीत धरून खिडकीतून कालव्याचं पाणी बघत होते, तोंडात मिठाची गुळणी धरून. सोमवारीही तेच केलं. फक्त खिडकी नव्हती, म्हणून भिंतीवरचा तक्ता बघितला.

परत आलो. टॅक्सीतून उतरून घरापर्यंत चालत आलो, आणि यम्मा दारासमोर उभी राहिली. किल्ली हातात. माझ्याकडे वळून म्हणाली, "इत्तो, आपलं दार हेच ना?"

ती थट्टा करत होती की खरंच विचारत होती, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं. चाळीस वर्षं ती त्या दारातून आत-बाहेर करतेय.

मी तिथेच, रस्त्यावर, तिला सांगितलं. तेच आता तुला सांगते.

तुझी बाटली यम्मा विसरली नव्हती. ती टेबलावर होती, पिवळा धागा बांधलेली, तुझ्या नंबराच्या चिठ्ठीशेजारी. मी उचलली.

माझी वाऱ्याने पडून टेबलाखाली गेली होती, हे खरं आहे. पण त्याच्या आडोशाला मी जाणार नाही. लाल आणि पिवळा मला कळतो. सगळ्यांसाठीचं पाणी पुढे शंभर पावलांवर होतं, हेही मला माहीत होतं. मी तिथपर्यंत गेले असते तर मरणार नव्हते. पण तू मागून येत होतीस, रकिया. मला वळून बघायची गरज नव्हती, तुझ्या पावलांचा आवाज मी झोपेतही ओळखते. तिसाव्या किलोमीटरला तू माझ्या शंभर पावलं मागे होतीस, पस्तिसाव्याला तीस. आपल्या दोघींत वेगवान कोण, हे सी बास्सूंना ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं आणि मला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. हात पुढे गेला आणि मी तो अडवला नाही. निम्मी प्यायले आणि उरलेली बाटली भिंतीपलीकडे फेकली, तुला दिसू नये म्हणून. धागा मात्र आधी सोडवून घेतला. यम्माने कातलेली लोकर रस्त्यावर फेकवली नाही. एवढा एकच शहाणपणा, तोही चोराचा.

पुढचं तुला माहीत आहे. तू टेबलापाशी दोनदा मागे फिरलीस. मग पुढच्या टेबलावरचं गार पाणी ढोसलंस, पोटात कळ आली आणि एकोणचाळिसाव्याला तू रस्त्याच्या कडेला बसलीस. तेव्हा मी पुढे होते. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी हात हलवत होते.

तो धागा माझ्या मोज्यात होता. नंतर उशीच्या अभ्र्यात ठेवला. मी तो यम्माच्या हातावर ठेवला. तिने उजेडात धरून बघितला, अंगठ्याने पीळ चाचपला आणि म्हणाली, "मग मी विसरले नव्हते."

मी म्हटलं, नाही.

"सोळाच कापले होते."

सोळाच.

"मी विसरले नव्हते," असं ती परत म्हणाली आणि पायरीवर बसून रडली. मला वाटलं होतं थोबाडीत बसेल. बसायला हवी होती. पण तिला आधी स्वतःचं डोकं परत मिळाल्याचा आनंद झाला, रकिया. मी बावीस दिवस काय चोरून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. बाटली त्यातली फार लहान वस्तू होती.

मग ती आत गेली. मसुराच्या भांड्यात स्वतःच्या हाताने मीठ घातलं, चव घेतली आणि अजून चिमूटभर घातलं. मला वाढलं, पण नेहमीसारखं माझ्या ताटातून खाल्लं नाही. जेवण झाल्यावर मागावरची चादर काढून घडी घालून ठेवली. टाके मोजता मोजता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी आई गेली तेव्हा तू चाळीस दिवसांची होतीस. दोघींना एकदम पदराखाली घ्यायचे मी. तू नेहमी आधी पिऊन घ्यायचीस, ती रडायची. तेव्हा मला हसू यायचं." थोड्या वेळाने म्हणाली, "तिला मी सांगणार नाही. तू लिही."

त्यालाही मी तीन दिवस लावले. मंगळवारी सी बास्सूंकडे गेले. ते मैदानावर शंकू मांडत होते. सगळं ऐकून घेतलं, एक शंकू सरळ केला आणि म्हणाले, "शिबिराच्या यादीतून तुझं नाव काढायला मी आजच कळवतो. आणि इथे रडू नकोस, मला पोरींना पळवायचंय." मी विचारलं, माझ्या जागी रकियाला घेतील का? तर म्हणाले, "शिबिर म्हणजे काय टॅक्सीतली जागा आहे, एक उतरली की दुसरी बसली? तिला वेळ स्वतःलाच पळून आणावी लागेल. मार्चमध्ये येते का विचार." मग पाठमोरे होऊन म्हणाले, "येणार नाही. मी असतो तर आलो नसतो."

तरी विचारते. कुठल्या तोंडाने ते मला माहीत नाही, पण विचारते. कॅलेंडरवरचं माझं नाव मी खोडलंय आणि तुझं लिहिलंय. सतरा आठवडे आहेत. आधी दोन आठवडे नुसतं चालणं, मग रानातली मऊ वाट, जानेवारीत डोंगर. मी तुझ्या पुढे वारा अडवत पळेन, दोन अडतीसच्या चालीने, आणि तू सांगशील तिथे बाजूला होईन. माझी वेळ नोंदवायची नाही, सी बास्सूंना तसं सांगितलंय. प्रत्येक टेबलावरची पिवळी बाटली मी उचलून तुझ्या हातात देईन. मी हात लावलेली तुला नको असेल तर तेही समजेन. मग मी शर्यतीला येणार नाही, पण तू ये. पाय तुझे आहेत, ते माझ्यावरच्या रागापायी मेकनेसच्या कारखान्यात मशीनखाली दुमडून ठेवू नकोस.

इझ्झाच्या मुलीकडून बूट परत आणलेत. तिने बदल्यात माझं मेडल मागितलं, दिलं.

धागा या पत्रासोबत आहे. यम्मानेच त्याची गाठ मारून दिली.

मला उत्तर लिहू नकोस. मी त्या लायकीची होईन तेव्हा बघू. यम्माला फोन कर. सोमवारपासून ती मांडीवर फोन घेऊन मागावर बसते आणि वाजला नाही तरी मधून मधून कानाला लावून बघते.

जी नेहमी आधी प्यायली,
ती इत्तो