ग्रीनहाऊसची तिसरी तुकडी

७ मार्च २०१६, सोम.
तिसरी तुकडीही रिकाम्या हाताने परत. बारा बायका, तीन महिने टोमॅटोच्या ग्रीनहाऊसमध्ये बिनपगारी शिकल्या, नोकरी एकीलाही नाही. बागायतदारांच्या सहकारी संस्थेचा आमचा विस्तार विभाग. या देशात नव्याने आलेल्यांना काम शिकवून नोकरीला लावायचं, ही माझी जबाबदारी. को-ऑर्डिनेटर म्हणे. लावलं कुणाला?

माझी बॉस मार्लेन म्हणाली, भाषा कमी पडते त्यांची. याच तुकडीतल्या विद्याची? नागपूरची एम.एस्सी. बॉटनी, नवऱ्यामागे रॉटरडॅमला आली आणि दोन वर्षांत माझ्यापेक्षा बरं डच बोलायला लागली.

१० मार्च, गुरु.
विद्याला फोन केला. घरीच आहे म्हणाली, स्वयंपाक चाललाय. मागे ढकलगाड्यांचा खडखडाट, कुणीतरी डचमध्ये हाका मारतंय. विचारलं तर टीव्ही म्हणाली. सकाळी साडेदहाला...

नवऱ्याला, अजयला, सांगितलं. नसत्या शंका येतात तुला, म्हणाला. असेल.

१४ मार्च, सोम.
न कळवता ग्रीनहाऊसवर. कापेल गावाहून सायकलने, समोरून वारा. मुकादम बेर्टने दारातच अडवलं, हसून. आधी वेळ ठरवावी लागते, पिकांच्या रोगराईचे नियम आहेत. एरवी आत नेऊन कॉफी पाजणारा माणूस.

रस्त्यापलीकडे थांबले. जेवणाच्या सुट्टीत बायका बाहेर आल्या. पहिल्या तुकडीतल्या दोघी. दुसरीतली एक. आणि विद्या. बाह्या टोमॅटोच्या पानांनी हिरव्या-काळ्या झालेल्या. मला पाहिलं आणि आत वळली.

१५ मार्च, मंगळ.
संध्याकाळी स्वतःच आली. कोट न काढता बसली. सगळं सांगितलं: प्रशिक्षणात नापास केलं आणि आठवड्याभरात कामगार पुरवणाऱ्या एका एजन्सीतर्फे त्याच ओळीत, त्याच कामाला लावलं. बोली आठवड्याची, नको झाली की फोन येणार नाही, एवढंच. अट एक. प्रोग्रॅमवाल्यांना कळता कामा नये.

"ताई, तुम्ही यात पडू नका. निदान काम तरी आहे."

मी म्हटलं, पण तुला नापास केलं कुणी?

"तुम्हीच की. अहवालाखाली सही तुमची आहे."

चहा तसाच राहिला.

१८ मार्च, शुक्र.
मार्लेन बाहेर होती. तिसऱ्या तुकडीची फाइल काढली. बाराही अहवालांवर माझीच सही. डिसेंबरात मी पुण्याला जायच्या गडबडीत असताना तिने कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या होत्या, मागे काम अडायला नको म्हणून. मला केवढं सोयीचं वाटलं होतं! वर टाइप केलंय, 'भाषा अपुरी, कामावर घेण्याची शिफारस नाही.' बाराही जणींना हेच वाक्य.

आधीच्या दोन तुकड्यांच्या फाइली जागेवर नाहीत. दुपारी पाहिलं तर कपाटाला कुलूप. याआधी कधी नसायचं. की असायचं, आणि माझं लक्ष नव्हतं?

२२ मार्च, मंगळ.
मार्लेन फार गोड वागतेय. माझ्या मुलीची चौकशी केली, नावानिशी. तीन वर्षांत पहिल्यांदा. अजय म्हणाला, सरळ विचार तिला. विचारलं तर विद्याचं काम जाणार. नाही विचारलं तर एप्रिलात चौथी तुकडी, आणखी बाराजणी...

२४ मार्च, गुरु.
डायरेक्टरने बोलावलं. मार्लेनही होती. फाइलींचा विषयच नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपतंय, ते कायमचं करू म्हणतात. फक्त चौथ्या तुकडीचे कागद ईस्टरच्या आत, म्हणजे तीन दिवसांत हवेत, तुकडी सुरू व्हायच्या आधीच, सह्यांसकट. विचार करते, मी म्हणाले. दोघांपैकी कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

घरी येताना ट्राममध्ये विद्याचा मेसेज. 'बेर्टने आज विचारलं, मी तुमच्याकडे आले होते का. मी नाही म्हणाले. तुम्ही त्यांना काय सांगितलंत?'