सोलरवरच्या कुरडया

तीर्थस्वरूप रायबामामांना सिद्धनाथचा पाया पडून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे, शेळ्यामेंढ्यांसह, खुशाल आहोत. तुमचा मुरगळलेला पाय आता कसा आहे? सूज उतरली का? (उतरली नसेल तर हळदीचा लेप लावावा. उतरली असेल तरीही एकदा लावावा.) फोनच केला असता, पण वस्तीवर रेंज नाही, आणि वरच्या माळावर जाऊन केला तर तुम्ही स्पीकर लावता आणि सगळं भोंगवली गाव ऐकतं. म्हणून पत्र. विषय फक्त पाण्याचा आहे, दुसरा काही नाही.

तुम्ही सुचवलेल्या स्थळाची मंडळी मागे घर बघायला आली होती, तेव्हा साधनाच्या आईंनी, म्हणजे रत्नाबाईंनी, आमच्या झऱ्याचं पाणी पिऊन परतीच्या एसटीत काय सोसलं ते तुम्हाला ठाऊक आहे. (मी लिहीत नाही.) "पोरगा ब्येस हाय, पर असलं पानी प्यायला माझी लेक न्हाई द्यायची," हे त्यांचं बोलणं तुम्हीच मला सांगितलंत. पुढे एका संस्थेने वस्तीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं, आणि भोरला शिकायला माझी निवड झाली. (आठवीनंतर शाळा सुटलेला मी एकटाच रिकामा होतो, असं आई म्हणते.) यंत्र सोपं आहे. सोलरच्या प्लेटांवर ऊन पडलं की पंप झऱ्याचं पाणी चढवतो, ते वाळूतून गाळलं जातं आणि जंतू मारणाऱ्या दिव्याखालून नळाला येतं. वीज कमी पडली की दिवा विझतो आणि झडप आपोआप मिटते, म्हणजे कच्चं पाणी कुणाच्या पोटात जात नाही. मला या झडपेचा फार आधार वाटतो. प्लेटांवर शेळ्या चढू नयेत म्हणून मी भोवती जाळी मारली, कोंबड्यांसाठी खाली आणखी बारीक जाळी मारली, आणि रोज सकाळी मऊ फडक्याने काचा पुसतो.

रविवारी मंडळी पाणी बघायला पुन्हा आली. मी काचा पुसून त्यांना आणायला वेल्ह्याच्या स्टँडवर गेलो. यंत्राची माहिती पाठ केली होती, ती येताना वाटेतच सांगून संपली. वस्तीवर आल्यावर साधनाचे वडील, हनुमंततात्या, म्हणाले, "आता दावा पानी." मी नळ सोडला. नळ खोकला, दोन थेंब टाकले आणि गप्प झाला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. तात्यांनी टोपी मागे सारून वर पाहिलं. "का वो, तुमच्याकडचं ऊन सपलं का काय?"

मामा, मी वायर तपासली, पंपाला हात लावून पाहिला, वाळूची टाकी उघडून पुन्हा लावली. प्लेटा तेवढ्या पाहिल्या नाहीत, कारण त्या मी स्वतः पुसल्या होत्या. शेवटी साधनाच म्हणाली, "वर पांढरं काय दिसतंय?" मी म्हणालो, ढगाची सावली असेल.

"ढगाला वेटोळी असत्यात व्हय?"

कुरडया होत्या. पाहुण्यांना जाताना बांधून द्यायच्या म्हणून आईने सगळ्या प्लेटांवर आजोबांचं धोतर अंथरून त्या घातल्या होत्या. मी आईकडे पाहिलं, तर उलट तीच मला म्हणाली, "शेळी चढत न्हाई, कोंबडी शिरत न्हाई, रोज पुसलेली काच. वस्तीत अशी जागा हाय का दुसरी? तूच क्येलीस न्हवं?"

ओल्या कुरडया मोडू नयेत म्हणून धोतर दोघांनी धरून उचलावं लागणार होतं. कुणी सांगायच्या आत साधनाने पदर खोचला आणि पलीकडची टोकं धरली. अलीकडे मी. शेजारच्या ठकुबाई ओरडल्या, "अगं बया, अंतरपाटच की गं! तांदूळ आना कुनीतरी!" माझ्या बाजूचं धोतर तिरकं झालं, दोन कुरडया पडल्या (त्या शेळीने खाल्ल्या), आणि पंप घुर्रकन सुरू झाला. साधना हसत होती. मीही हसलो असेन.

रत्नाबाई लोटाभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "चवच न्हाई." मी पुन्हा वाळूच्या टाकीकडे निघालो. मग म्हणाल्या, "शेवाळाची, म्हनते मी," आणि दुसरा लोटा भरला. जाताना तात्या फक्त "कळवतो" म्हणाले. असा पाण्याचा वृत्तान्त आहे. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
सिद्धनाथ

ता. क. तात्यांनी अजून कळवलेलं नाही. पाय बरा असेल तर सहज म्हणून त्यांच्याकडे चहाला जावं. बरा नसेल तर काठी घेऊन जावं. रत्नाबाईंचं पोट कसं आहे तेही बघावं. मी विचारलंय असं सांगू नये. साधनासमोर तर नकोच. (समोर असली तर ती काय म्हणते ते नीट ऐकावं.)

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात नळ पुन्हा थांबला. जाऊन पाहिलं तर प्लेटांवर पापड. मी ओरडलो, तर आई शांतपणे म्हणाली, "हात लावू नगंस, लग्नाचे हाईत." सकाळी माळावर शेळ्या चारताना तिला साधनाचा फोन आला होता. आई मला संध्याकाळी सांगणार होती, पापड वाळल्यावर. नळ बंद आहे आणि मी काहीही करत नाहीये. खाडाखोड नको म्हणून वरचं तसंच ठेवतो. तरी चहाला जाऊन यावंच, खात्रीसाठी.