विठूकाकांच्या समेवरची किणकिण

डिचोली, श्रावणातला शुक्रवार, १९८७

विठूकाकांच्या भजनांच्या जुन्या टेपांत प्रत्येक समेवर ती किणकिण कसली? आठवडाभर डोकं खात होती. आज रेडिओच्या कार्यक्रमासाठी त्यांच्या घरी रेकॉर्डिंगला गेलो, तर त्यांची बायको, काकी, उंबऱ्यात बसून मांडीवर ताल धरत होत्या. काकणं किणकिणत होती. म्हणजे हीच!

पण माझं शहाणपण. म्हटलं, "काकी, काकणांचा आवाज येतो. जरा आत बसा."

काकी आत गेल्या आणि काका दोनदा चुकले. वैतागून म्हणाले, "सम मेळना रे. तिका भायर बसय!"

काकी आल्या, किणकिण आली, भजन जमलं.

आता साथीदारांची नावं लिहितोय. पेटी झाली, पखवाज झाला. काकींचं नाव काय? विचारलंच नाही.