माऊस माझ्या हातात

अहो,

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. मी दवाखान्याच्या त्या नव्या वेबसाइटवाल्यांकडे चाललेय. हो, त्यांनीच पुन्हा बोलावलंय! मागच्या वेळी, साध्या माणसाला ती वेबसाइट वापरता येते का ते बघायला, मला तिच्यावर डॉक्टरांची वेळ घ्यायला बसवलं आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा म्हणाले. हे काम मला शिकवावं लागत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

पडद्यावर घराचं चित्र होतं. मी त्याला हातच लावेना. म्हटलं, "हे दाबलं आणि डॉक्टर घरी आले तर? घरात हा पसारा!" ते म्हणे पहिल्या पानावर परत जायचं बटण. सगळे हसले, पण तिथल्या बाई म्हणाल्या, "काकू, तुमचं नाही, आमचं चुकलंय." आता त्या चित्राखाली चक्क 'पहिलं पान' असं लिहिलंय. माझ्यामुळे!

आणि तिथला नियम ऐका. मी अडले तरी कुणी मदत करायची नाही. बाई हाताची घडी घालून गप्प. चाचपडत का होईना, माझं मला सापडलं. आपल्याकडे मी नुसती थबकले की माऊस तुमच्या हातात गेलेला असतो. तुमचा हेतू चांगला, पण इतक्या वर्षांत मला काही येईना ते त्यामुळेच.

संध्याकाळी तुमच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांची वेळ मीच घेणार, आपल्या कॉम्प्युटरवर. तुम्ही बसा शेजारी, पण खुर्ची जरा लांब ठेवा. मी अडले तर अडू द्या. अगदीच राहवलं नाही, तर उठून चहा टाका.