ऋषीच्या भाजीतला काटेमाठ

जेसल पार्क, भाईंदर
२२ सप्टेंबर १९९३

गिरिजा वन्संना नमस्कार.

नाही हो वन्सं, तुमच्या भाजीत काही खोट नव्हती. बबन रिक्षावाल्याने चिठ्ठी दिली तुमची. माठाचा अख्खा वाफा उपटून टाकलात म्हणे! नीरज फोनवर वाट्टेल ते बोलला, पण पोराचं डोकं ठिकाणावर नाहीये. बायकोला सहावा महिना, आणि ऋषिपंचमीची भाजी खाल्ल्यापासून क्षितिजाच्या पोटात पाणी ठरत नाहीये. दवाखान्यात ठेवलंय, सलाईन चालू आहे. मी बाहेर बाकावर बसून लिहितेय. अक्षराला हसू नका, तुमच्या चिठ्ठीतलं अक्षर लावायला मला नर्सबाई बोलवावी लागली.

डॉक्टर विचारतात, "आजी, भाजीत काय काय होतं?" मी म्हटलं, बैलाच्या कष्टाचं एक पान नव्हतं. त्यांना वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट आहे. मग माठाचं सगळं खानदान सांगितलं. लाल माठ म्हणजे नवी नवरी, पानात पडली की सगळं रंगवते. तांदुळजा गरीब, लगेच मऊ होतो. राजगिऱ्याला उपासाचा तोरा. आणि काटेमाठ म्हणजे आमच्या वन्सं, हात लावला की टोचणार, पण शिजल्यावर तशी चव दुसऱ्या कशाला नाही. डॉक्टर हसले. मला हसू येईना.

"आणली कुठून?"

नीरज म्हणाला, "डोंगरी गावाहून, आत्याकडून." मी पदराचं टोक पिळत बसले.

बाळाचे ठोके आहेत म्हणतात. सकाळी क्षितिजाने माझा हात धरला. म्हणते, "आई, आत्यांना कुणी बोलू नका, त्यांनी प्रेमानेच पाठवली." तेव्हापासून मला बसवत नाहीये. मीही तीच भाजी खाल्ली वन्सं, मला साधी मळमळसुद्धा नाही.

वाफा परत लावा. हे पत्र बबनकडे देते आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत जाते. नीरजही तिथेच आहे.

तुमच्या पिशवीत लाल माठ नि तांदुळजा होता, आठवतंय ना? काटेमाठ नव्हता. तो मी बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटात खुडला. रस्त्यावरचं क्षितिजा तोंडात घालत नाही, म्हणून सगळंच डोंगरीचं सांगितलं. वॉचमन ओरडत होता, "माँजी, दवा मारा है, मत तोड़ो."

ऐकलं होतं मी. तरी खुडला.

तुमच्या शिव्यांची वाट बघणारी,
वासंती