राहती गढी

बाबा, आई गेली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हाला द्यायला हवी होती असं उगाच वाटतं. श्रावणात गेली. मी परदेशातून, यिशुनहून, विमानाने गावी धावलो, सगळं रीतसर केलं, घराला कुलूप घातलं, गॅसचं कनेक्शन परत केलं आणि सोमवारी परत इकडे, तुआसला कामावर हजर झालो. आत काहीच हललं नाही.

वर्षश्राद्धापर्यंत आपल्याकडे सण नाही. पण तुमची नात दिवाळीच्या किल्ल्यासाठी हटून बसली. तो तर पोरांचा खेळ, म्हणून बायकोनेही हो म्हटलं. नर्सरीतून माती आणून मी कॉरिडॉरमध्ये बसलो, आणि झाली गढी. माझा हात तुम्हीच बिघडवलात. गल्लीतली मुलं तोफा मांडायची, आणि इतिहासाचे मास्तर असून तुम्ही मला शाळेमागच्या पडक्या गढीत नेऊन म्हणायचात, "तोफा राहू देत. आधी चूल कुठे होती ते शोध." तुम्ही पुढे, मी मागे. खाली घडीव दगड, वर पांढऱ्या मातीची रुंद भिंत. दारातून शिरताच वाट काटकोनात वळते, शत्रूला सरळ घुसता येऊ नये म्हणून. चौकात आड, धान्याचं पेव, आणि कोपऱ्यात काजळी धरलेली भिंत. तिथे हात ठेवून तुम्ही म्हणता, "इथे लढाई झाली असेल एखादी. जेवणं रोज झाली. माणसं उठून गेली, की गाव हीच माती उकरून आपापल्या घराच्या धाब्यावर घालतं."

लेक इथल्या पोरांच्या इंग्रजीत वैतागली. "पपा, सोल्जर्स कुठे? सो बोरिंग लाह."

"इथे माणसं राहतात," मी म्हटलं.

मग तिने मातीची एक बाई वळून चुलीपाशी बसवली. "दिस वन आजी, कॅन?"

"कॅन," मी म्हटलं. तुम्हाला तिने आडापाशी उभं केलं. माझ्यासाठी जागा शोधत राहिली आणि शेवटी मला दाराबाहेर ठेवलं. बायको हसली. मीही हसलो.

दिवाळी होऊन महिना होत आला. कॉरिडॉर मोकळा करा, असं शेजारच्या काकू दोनदा सांगून गेल्या. लेक तर गढी विसरलीसुद्धा. काल सुपलं घेऊन बसलो आणि तसाच उठलो. आईसाठी मला अजून रडू आलेलं नाही, बाबा. पण ती चुलीपाशी बसली आहे, आणि मला ते मोडवत नाही.