अकरा नंबरची नळी

३ मार्च, सोमवार

अकरा नंबरची नळी खराब निघाली! म्हणजे सर म्हणाले, खराब. आणि सगळ्या लॅबसमोर ओतिलियाला झापलं.

आमच्याकडची पद्धतच अशी — नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी त्याने रक्त द्यायचं आणि वर आलुबुखाराच्या दारूचा एक घोट मारायचा. झालं स्वागत! तुलनेसाठी ‘आपल्या लोकांचं’ रक्त लागतं, ते बाहेर कुठे शोधत बसा, म्हणून सरांनी, म्हणजे प्रोफेसर हुडाकनी, काढलेली ही युक्ती. नळीवर फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा हे कुणालाच कळू नये, असा नियम. सहा वर्षांपूर्वी मीही बाही वर केली, घोट घेतला, टाळ्या वाजल्या. पहिल्याच दिवशी नाही कोण म्हणतं?

आता रक्तावरून वंश सांगणारं नवीन मशीन आलंय. ‘आपल्या’ बारा नळ्या त्यात घातल्या, आणि अकरावी सांगतेय — मी नदीपलीकडच्या रोमा वस्तीतली, लोकांच्या भाषेत जिप्सी!

“ओतिलिया, तुमच्या हातून त्यांचं रक्त आपल्या नळीत सांडलंय,” सर म्हणाले. “वीस वर्षं झाली इथे, अजून हात स्थिर नाही?”

“पुन्हा करून बघते, सर.” एवढंच बोलली ती.

मी मान खाली घालून पेनाचं टोपण उघडत-मिटत बसले. ते रक्त कुणाचं, हे मला सांगायला मशीन कशाला हवं!

४ मार्च

काडीमोड घेतला, पण नवऱ्याचं आडनाव सोडलं नाही. डॉ. रेनाता सेदलाकोवा. दुन्कोवा या माहेरच्या, वस्तीतल्या आडनावाने अर्ज केला असता तर यांनी मुलाखतीलासुद्धा बोलावलं नसतं. रंगाबद्दल कुणी विचारलं तर सांगते, आजी इटलीची. बिचारी आजी! तिने आयुष्यात धड शेजारचं कोशित्से शहर पाहिलं नव्हतं.

७ मार्च

ओतिलियाने अकरावी पुन्हा करून पाहिली. पुन्हा तेच. सर म्हणाले, “दोनदा तीच चूक! कमाल आहे.”

वरच्या मजल्यावरची कायमची जागा एकच, आणि तिच्यासाठी नावं दोन — ओतिलिया आणि मी. सरांचा विनोद: “वर बायकांचं स्वच्छतागृह एकच आहे, तेव्हा बाईही एकच!” सगळे पुरुष हसले. मीही हसले. ओतिलिया बैठकीचं टिपण लिहीत होती. तिच्या तोंडावरची रेषाही हलली नाही. टिपण नेहमी तीच लिहिते. डॉक्टरेट आहे तिच्याकडे, पण अक्षर चांगलं ना!

नंतर सरांनी मला जिन्यात गाठलं. “त्या नळीने ओतिलियाचं गणित बिघडवलंय. जागा तुमचीच समजा. फक्त वस्तीतलं काम नीट पार पाडा. तिथल्या बायका बाईमाणसाशी बोलतील.”

ती वस्ती म्हणजे आमची वस्ती. आई गेल्यापासून मी तिथे पाऊल टाकलेलं नाही.

१० मार्च

सरांच्या सूचना. वस्तीत कुणाकडे काही खायचं-प्यायचं नाही. रक्त कशासाठी, तर ‘आरोग्यासाठी’ एवढंच सांगायचं. निकाल कुणाला सांगायचे नाहीत — “संशोधन म्हणजे दवाखाना नव्हे.”

मी लहान असताना असेच पांढरे कोटवाले आले होते. रक्त घेतलं, मुलांच्या हातावर वेफर बिस्किट ठेवलं आणि गेले. आई मरेपर्यंत विचारायची, “माझ्या रक्तात काय निघालं गं रेना? त्यांनी काहीच कसं कळवलं नाही?” त्यासाठीच तर मी हे शिकले!

काय निघालं ते मला आता माहीत आहे. आमच्या वस्तीत जन्मजात काचबिंदू उतरतो. या लॅबने त्यावर दोन निबंध छापले, एकाला बक्षीससुद्धा मिळालं. वस्तीत सांगायला मात्र कुणी गेलं नाही. मीही नाही.

१२ मार्च

उद्या वस्ती. सर, ड्रायव्हर आणि मी. केस बांधून जावं की मोकळे सोडून? शी, कसला विचार करतेय मी!

१३ मार्च

आज एकही माणूस माझ्याशी ओळख दाखवून बोलला नाही. ओळखलं मात्र सगळ्यांनी! पंपावर पाणी भरणाऱ्या बायका गप्प झाल्या, एकीने दुसरीला कोपर मारलं, बस.

पाचवं-सहावं घर मार्गिता मावशीचं. आईची सख्खी बहीण. दारात उभी, डोक्याला तोच हिरवा रुमाल. माझ्याकडे बघून म्हणाली, “या डॉक्टरीणबाई, या. बसा.” डॉक्टरीणबाई! मला अंघोळ घातलेल्या हातांनी खुर्ची पुसून दिली.

सरांनी भाषण केलं. मावशीने बाही वर केली आणि मी सुई टोचली. तिने तोंड फिरवलं नाही, सरळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “कॉफी करते.”

आमच्यात परक्यांचे कप वेगळे असतात. सोनेरी काठाचे, काचेच्या कपाटात मांडलेले. घरचं माणूस त्यात कधी पीत नाही. मावशीने तसला एक कप सरांपुढे ठेवला, एक ड्रायव्हरपुढे. आणि माझ्यापुढे — ग्लास. काठाचा टवका उडालेला, निळ्या फुलांचा, तळाशी कॉफीचा गाळ. हा आईचा ग्लास होता! आई त्यातच प्यायची. इतकी वर्षं ठेवला हिने!

सरांनी मला डोळ्यांनीच दटावलं: प्यायची नाही. आणि मी नाही प्यायले. वाफ जाईपर्यंत ग्लासाकडे बघत राहिले. मावशीने तिघांचंही उचललं — दोन कप इकडे, ग्लास तिकडे.

तेवढ्यात तिची लेक बाळाला घेऊन आतून आली. व्हानेसा, काही महिन्यांची. “अरे वा, काय डोळे आहेत!” सर म्हणाले. “किती मोठे! किती सुंदर!”

मोठेच होते. फार मोठे. दाराशी आणल्याबरोबर पोरीने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. उजेड सहन होत नव्हता तिला, डोळ्यांतून नुसतं पाणी.

गाडीत सर म्हणाले, “पाहिलंत? आम्हा पुरुषांना चांगले कप आणि तुम्हाला मुद्दाम फुटका ग्लास. बाईला काडीची किंमत नाही या लोकांत!”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. अख्ख्या गाडीत रडायला जागा नव्हती.

१४ मार्च

हा तोच काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, बाळाचा डोळा अजून कोवळा, म्हणून तो ताणत जातो. लोक म्हणतात, काय सुंदर डोळे! लवकर ऑपरेशन केलं तर नजर वाचते. लवकर म्हणजे आताच.

सांगितलं तर विचारतील, तुला काय पडलीय त्यांची? एवढ्या घरांतून याच घरी परत का गेलीस? मग सगळंच बाहेर पडेल — नाव, आजी, अकरा नंबर. पुढच्या शुक्रवारी मुलाखत आहे. फक्त शुक्रवारपर्यंत थांबायचं. एका आठवड्याने असं काय बिघडणार?

वरचं वाक्य मी लिहिलं! माझ्या हाताने! पांढरे कोटवाले तरी याहून काय वेगळं म्हणाले असतील?

१५ मार्च, शनिवार

सकाळच्या बसने गेले. एकटी, कोट न घालता.

“आलीस?” मावशी दारातूनच ओरडली. “कॉफी परवाच निवली, गधडे!” आणि मग मिठीत घेऊन माझ्या पाठीत असे धपाटे घातले की सगळी गल्ली बघायला जमली.

मी म्हटलं, “मावशी, परवा ओळख का नाही दाखवलीस?”

“आणि तुझी भाकरी घालवू? आम्हाला कळतं गं. तिकडे तू कोण आहेस ते त्यांना नाही ना ठाऊक? मग आमच्या तोंडून का जावं?”

मी तिला बाळाचं सांगितलं. सगळं सांगितलं — हे रक्तातून येतं, लॅबला हे कधीपासून माहीत आहे, मलाही माहीत होतं. मावशी खाली बसली. बराच वेळ नुसता रुमाल सारखा करत होती. “म्हणजे आमचा पेटर,” ती म्हणाली, “तो आंधळा झाला तो यानेच?”

पेटर तिचा मुलगा. माझ्याच वयाचा.

“हो, मावशी.”

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती उठली, निळ्या फुलांच्या ग्लासात कॉफी केली, माझ्यासमोर ठेवली. गाळापर्यंत प्यायले.

१७ मार्च, सोमवार

सुट्टी टाकली. मोठ्या इस्पितळाच्या डोळ्यांच्या विभागात खिडकीवरची बाई मावशीच्या लेकीला सांगत होती, “आज नंबर नाही, पुढच्या महिन्यात या.” मी पुढे झाले, डॉक्टर असल्याचं ओळखपत्र दाखवलं. लगेच नंबर निघाला!

“आणि बाळाचं तुमच्याशी नातं?” तिने विचारलं.

“मावशी. मी मावशी लागते तिची.”

बाईने ओळखपत्र पाहिलं, मला पाहिलं, परत ओळखपत्र पाहिलं. बघ बाई, बघ. हवं तेवढं बघून घे.

१८ मार्च

ऑपरेशन झालं. डोळे वाचतील म्हणतात. डाव्याची त्यांना खात्री आहे, उजव्याची आशा. मावशी इस्पितळातल्या सगळ्यांना भाजलेल्या कणकेची गोड रोटी वाटत फिरतेय — वस्तीत करतात तशी, लाडवासारखी वळलेली. कुणी घेतली, कुणी नाही. मी चार खाल्ल्या.

१९ मार्च

सरांच्या खोलीत गेले. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले आणि एकदम म्हणाले, “अकरावी नळी खराब नाही. ती माझी आहे.”

सर हसले. मग हसायचे थांबले. “पण तुम्ही तशा वाटत नाही हो!” हे त्यांना कौतुकच वाटत होतं. मग त्यांचे डोळे चमकले — “मग तुमच्या घरच्यांचे नमुनेही मिळतील? सही कराल ना संमतीवर? शिकलेली व्यक्ती त्यांच्यात मिळते कुठे!”

सहा वर्षं मी त्यांची सहकारी होते. एका वाक्यात नमुना झाले.

मी सांगितलं, “निकाल मी त्या बाळाच्या घरी सांगितलाय. बाकीच्या घरांनाही सांगणार आहे.”

“म्हणजे नियम मोडलात.”

“हो. आणि ओतिलियाची चूक नव्हती, सर. हे तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायला हवं.”

“बघू,” ते म्हणाले. जागेचं आता त्यांना काही सांगता येणार नाही, हेही म्हणाले. खोलीबाहेर आले तर भूक सपाटून लागली होती.

२१ मार्च, शुक्रवार

मुलाखतीला गेले. नाव विचारलं. म्हटलं, रेनाता दुन्कोवा-सेदलाकोवा. एकाने पेन खाली ठेवलं. नंतरचे प्रश्न कामाबद्दल फारसे नव्हतेच.

२५ मार्च

जागा ओतिलियाला मिळाली. व्हायलाच हवं होतं असं. तरी जिन्यात उभी राहून रडले, खोटं कशाला बोलू?

२६ मार्च

अभिनंदन करायला गेले, तर ओतिलियाने दार लावून घेतलं. म्हणाली, “मला एक सांगायचंय. सुई मीच टोचते आणि नंबरही मीच चिकटवते. नियम काय, कागदावर! पहिल्याच दिवशी कळलं होतं मला, अकरावी कुणाची ते.”

“मग बोलली का नाहीस? जागा जात होती तुझी!”

“तुझं होतं ते. मी कसं सांगणार?”